एचआयव्ही 'एक' की 'दोन'? सारख्या दिसणाऱ्या विषाणूंना रक्ताची चाचणी वेगळे कसे ओळखते

१४ एप्रिल असो, ६ डिसेंबर असो की वस्तीतल्या मंडळाचा वर्धापनदिन, रक्तदान शिबीर हा आपल्या तरुणांचा ठरलेला कार्यक्रम झाला आहे. शिबीर घेणारा कार्यकर्ता पुढे वर्षभर लोकांचा 'आरोग्यवाला माणूस' होतो. रिपोर्ट हातात पडला की डॉक्टरांकडे जाण्याआधी लोक त्यालाच गाठतात. "रिपोर्टवर एचआयव्ही-१ लिहिलंय, म्हणजे पहिली पायरी आहे का?" "दोन लिहिलंय, म्हणजे जास्त वाढलाय का?" "दोन्ही लिहिलंय, मग माणूस वाचेल का?"

आम्ही हा लेख या प्रश्नांसाठी लिहीत आहोत. पहिली गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हे आकडे आजाराच्या पायऱ्या नाहीत. एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ हे दोन वेगळे विषाणू आहेत. दोघांचे कूळ एक आहे, पण दोघे वेगवेगळ्या वाटेने माणसापर्यंत आले. त्यांचा वेग वेगळा आहे आणि काही औषधांना ते वेगवेगळा प्रतिसाद देतात. त्यामुळे रिपोर्टवरचा तो छोटा आकडा चुकला किंवा दुर्लक्षित राहिला, तर एखाद्याचे उपचार वर्षानुवर्षे चुकीच्या दिशेने जाऊ शकतात.

कुटुंबाची ओळख

हे विषाणू 'रेट्रोव्हायरस' या गटातले आहेत. आपल्या पेशीत माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते. हे विषाणू उलटे काम करतात. ते स्वतःच्या आरएनएची डीएनए प्रत तयार करतात आणि ती आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतात. एकदा तिथे शिरले की ते पेशीच्या वहीतच लिहिले जातात. म्हणूनच हा संसर्ग आयुष्यभर राहतो आणि औषधे कायम घ्यावी लागतात.

माणसात आढळलेला पहिला रेट्रोव्हायरस अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेतून १९८० साली जाहीर झाला. त्याचे नाव एचटीएलव्ही-१. त्याआधी १९७७ मध्ये जपानी डॉक्टरांनी नैर्ऋत्य जपानातल्या रुग्णांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचा एक वेगळा प्रकार नोंदवला होता. तो याच विषाणूमुळे होतो, हे पुढे सिद्ध झाले. १९८२ मध्ये त्याचा भाऊ एचटीएलव्ही-२ सापडला. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँटान्ये यांच्या गटाने एड्सशी संबंधित नवा विषाणू वेगळा केला. त्यासाठी या दोघांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गॅलो यांच्या गटाने १९८४ मध्ये याच विषाणूला 'एचटीएलव्ही-३' असे नाव दिले, म्हणजे त्याला जुन्या भावंडांच्याच रांगेत बसवले. पण स्वभाव पाहिला तर फरक मोठा होता. एचटीएलव्ही हा पांढऱ्या पेशींना बेसुमार वाढायला लावतो, तर नवा विषाणू त्याच जातीच्या पेशी संपवतो. अखेर १९८६ मध्ये 'एचआयव्ही' हे नाव ठरले. नावाचा हा गोंधळ सांगण्याचे कारण एवढेच की, नातेवाईक विषाणू ओळखण्यात तज्ज्ञांचीही गफलत होऊ शकते. म्हणून ओळख पटवण्याची पद्धत पक्की लागते.

चाचणी शोधते ती खूण

एचआयव्हीच्या बहुतेक साध्या चाचण्या प्रत्यक्ष विषाणू शोधत नाहीत, त्या अँटिबॉडी शोधतात. विषाणू शरीरात शिरला की त्याच्या वेगवेगळ्या भागांविरुद्ध शरीर प्रथिने तयार करते. ही प्रथिने म्हणजे अँटिबॉडी, मराठीत प्रतिपिंड. घरात कोण येऊन गेले ते पावलांच्या ठशांवरून ओळखावे, तशी ही चाचणी आहे. ठसा मिळाला की पाहुणा येऊन गेला हे कळते.

यातून दोन गोष्टी निघतात. संसर्ग झाल्यावर अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात. या काळाला 'विंडो पीरियड' म्हणतात आणि तो साधारणपणे तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत धरतात. या काळात अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. दुसरी गोष्ट म्हणजे बाळाची. आईच्या अँटिबॉडी नाळेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे एवढ्या लहान बाळाची अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली, तर ती बाळाच्या संसर्गाची खूण असेलच असे नाही. ती आईचीही खूण असू शकते.

आता प्रश्न असा की, दोन भावांचे ठसे जवळजवळ सारखे असतील तर कोण आला हे कसे ओळखायचे?

डकारच्या रक्तातून मिळालेला सुगावा

एचआयव्ही-२ चा शोधच मुळी अँटिबॉडी चाचणीच्या एका विचित्र निकालातून सुरू झाला.

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल देशात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी आणि नियमित आरोग्य तपासणी होत असे. १९८५ मध्ये सेनेगलचे सुलेमान म्बूप, फ्रान्सचे फ्रान्सिस बारँ आणि अमेरिकेतले मॅक्स एसेक्स व फिलिस कान्की यांच्या गटाने राजधानी डकारमधल्या अशा स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले. काही नमुने एचआयव्हीच्या प्रथिनांना चिकटत होते, पण अर्धवट. आतल्या प्रथिनांशी प्रतिक्रिया दिसत होती, बाहेरच्या आवरणाशी मात्र फारच कमजोर. तेच नमुने माकडांमध्ये सापडलेल्या एका विषाणूच्या प्रथिनांसमोर ठेवले, तेव्हा प्रतिक्रिया जोरदार आली.

याचा अर्थ सरळ होता. या स्त्रियांच्या शरीरात एचआयव्हीचा कोणीतरी नातेवाईक होता आणि तो माकडाच्या विषाणूच्या जास्त जवळचा होता. विषाणू कोणी पाहिला नव्हता. दिसला होता तो फक्त त्याचा ठसा.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, पाश्चर इन्स्टिट्यूटच्या गटाने पोर्तुगालमधल्या सहकाऱ्यांच्या मदतीने पश्चिम आफ्रिकेतल्या दोन एड्स रुग्णांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा काढला. एक रुग्ण गिनी-बिसाऊचा होता, दुसरा केप व्हर्देचा. दोघांनाही एड्सची लक्षणे होती, तरी नेहमीच्या एचआयव्ही चाचणीत त्यांचे रक्त नीट पकडले जात नव्हते. हाच एचआयव्ही-२. अमेरिकन गटानेही त्याच सुमारास आपल्याला विषाणू मिळाल्याचे जाहीर केले होते, पण तो प्रयोगशाळेतल्या माकडाच्या विषाणूची भेसळ होती, हे १९८८ मध्ये उघड झाले. म्हणजे त्यांच्या बाटलीतला विषाणू भलताच निघाला, पण डकारच्या स्त्रियांच्या अँटिबॉडींनी दिलेली साक्ष मात्र खरी ठरली.

आज आपल्याला माहीत आहे की, एचआयव्ही-१ मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींच्या विषाणूपासून आला आणि एचआयव्ही-२ पश्चिम आफ्रिकेतल्या 'सूटी मँगाबे' या माकडाच्या विषाणूपासून. पोर्तुगालची सत्ता जिथे जिथे होती, अशा अनेक प्रदेशांत एचआयव्ही-२ पुढे आढळत गेला.

आडनाव एक, नाव वेगळे

डकारच्या नमुन्यांत जे दिसले, त्याच तत्त्वावर आजच्या चाचण्या उभ्या आहेत. ते तत्त्व समजून घेऊ.

विषाणूला साधारण तीन प्रकारची प्रथिने असतात. आतला गाभा बनवणारी, प्रती काढण्याचे काम करणारी आणि बाहेरचे आवरण बनवणारी. एचआयव्ही-१ च्या गाभ्यातले मुख्य प्रथिन पी-२४, तर एचआयव्ही-२ चे पी-२६. ही दोन्ही बरीचशी सारखी आहेत. त्यामुळे एकाविरुद्ध बनलेली अँटिबॉडी दुसऱ्यालाही चिकटते. शास्त्रज्ञ याला 'क्रॉस-रिअॅक्शन' म्हणतात. आवरणाची प्रथिने मात्र पुष्कळ वेगळी आहेत. एचआयव्ही-१ च्या आवरणात जीपी-१२० आणि जीपी-४१, तर एचआयव्ही-२ च्या आवरणात जीपी-१०५ आणि जीपी-३६.

गावात एखाद्या आडनावाने हाक मारली की भावकीतली चार माणसे मागे वळून बघतात. नावाने हाक मारली की एकच बघतो. गाभ्याची प्रथिने म्हणजे आडनाव, आवरणाची प्रथिने म्हणजे नाव. 'या घराण्यातला कोणी आला आहे का?' एवढेच विचारायचे असेल तर गाभ्याची प्रथिनेही चालतात. 'नेमका कोण?' हे विचारायचे असेल तर आवरणातले, विशेषतः जीपी-४१ आणि जीपी-३६ यांतले, छोटे आणि वेगळेपण जपणारे तुकडे वापरावे लागतात.

१९८५ मध्ये अमेरिकेत परवाना मिळालेली पहिली एलायझा चाचणी प्रयोगशाळेत वाढवलेल्या एचआयव्ही-१ च्या प्रथिनांवर आधारलेली होती. तिच्यात एचआयव्ही-२ असलेली काही माणसे केवळ आडनावामुळे सापडत, काही सुटून जात. म्हणून पुढे चाचण्यांमध्ये दोन्ही विषाणूंची प्रथिने घालण्यात आली आणि अमेरिकेतल्या रक्तपेढ्यांना १९९२ पासून एचआयव्ही-२ चीही तपासणी बंधनकारक झाली.

निदान पक्के करण्यासाठी पूर्वी 'वेस्टर्न ब्लॉट' ही चाचणी मोठ्या प्रमाणावर वापरत. तिच्या पट्टीवर विषाणूची प्रथिने वजनानुसार ओळीने लावलेली असतात आणि रक्तात ज्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असेल तिथे रेघ उमटते. अडचण अशी की, पट्टी फक्त एचआयव्ही-१ ची असेल तर एचआयव्ही-२ च्या रुग्णाच्या रक्तानेही पुष्कळ रेघा उमटतात आणि रिपोर्ट 'एचआयव्ही-१' असा जातो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१४ मध्ये चाचण्यांचा क्रम बदलला आणि वेस्टर्न ब्लॉटच्या जागी दोन्ही विषाणूंना वेगळे ओळखणारी अँटिबॉडी चाचणी आणली, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

हीच युक्ती एचटीएलव्ही-१ आणि एचटीएलव्ही-२ यांनाही लागू पडते. तिथेही गाभ्याच्या प्रथिनांवर दोघांची गल्लत होते, पण आवरणातल्या जीपी-४६ या प्रथिनाचे प्रत्येकाचे खास तुकडे पट्टीवर लावले की भावंडे वेगळी होतात. आणि तिथेही फरकाला अर्थ आहे. एचटीएलव्ही-१ मुळे काही लोकांना रक्ताचा कर्करोग किंवा पाय लुळे पाडणारा मज्जारज्जूचा आजार होतो. एचटीएलव्ही-२ चा अशा गंभीर आजारांशी संबंध फार कमी आढळतो. भारतात रक्तदानानंतर ज्या पाच गोष्टींची तपासणी सक्तीची आहे, त्या म्हणजे एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया. एचटीएलव्ही त्या यादीत नाही.

मुंबई, १९९१

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून उघड झाला. पाच वर्षांनी, १९९१ मध्ये, जर्मन संशोधक आणि मुंबईतल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतात एचआयव्ही-२ ही पसरत असल्याचे कळवले. म्हणजे हा दूरच्या आफ्रिकेचा विषय राहिला नव्हता, तो आपल्या महाराष्ट्राच्या दारात आला होता. १९९२ मध्ये पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, तेव्हा ती 'नारी' या नावाने ओळखली जात असे.

आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या बहुसंख्य लोकांना एचआयव्ही-१ च आहे. एचआयव्ही-२ चे प्रमाण थोडे आहे. पण थोडे आहे म्हणूनच तो नजरेतून निसटतो.

आपल्या चाचणी केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या काही झटपट किटवर तीन ठिपक्यांची जागा असते. एक ठिपका 'कंट्रोल'चा, म्हणजे किट नीट चालले की नाही हे सांगणारा. दुसऱ्या जागी एचआयव्ही-१ च्या आवरणातला तुकडा लावलेला असतो, तिसऱ्या जागी एचआयव्ही-२ चा. रक्तातला द्रव टाकला की अँटिबॉडी आपापल्या जागी चिकटतात, वरून रंगाचे द्रावण टाकले की तिथे ठिपका उमटतो. कंट्रोलचा ठिपकाच उमटला नाही तर चाचणी बाद, मग बाकीचे ठिपके काहीही सांगोत.

हा फरक इतका महत्त्वाचा का?

पहिले कारण औषधे. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत एआरटी उपचार सुरू केले. सुरुवातीची अनेक वर्षे पहिल्या टप्प्यातल्या तीन औषधांपैकी एक नेव्हिरापिन किंवा एफाव्हिरेन्झ असे. ही औषधे एचआयव्ही-१ वर चालतात, एचआयव्ही-२ वर चालत नाहीत. ज्या एन्झाइमला ती धरतात, त्याची घडणच एचआयव्ही-२ मध्ये वेगळी आहे. म्हणजे एचआयव्ही-२ च्या रुग्णाला चुकून 'एक'चा शिक्का बसला, तर तीन गोळ्यांतली एक निकामी. उरलेल्या दोन औषधांवर विषाणू पुरता दबत नाही आणि हळूहळू त्या औषधांनाही दाद देईनासा होतो. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर ही एकत्रित गोळी आली आहे. ती दोन्ही विषाणूंवर काम करते, त्यामुळे हा धोका पुष्कळ कमी झाला आहे. ही मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे.

दुसरे कारण व्हायरल लोड, आणि हा धोका अजून संपलेला नाही. उपचार लागू पडतात की नाही हे पाहण्यासाठी रक्तातला विषाणू मोजतात. पण नेहमीची व्हायरल लोड चाचणी एचआयव्ही-१ साठी बनवलेली असते. तिला एचआयव्ही-२ दिसत नाही. अशा माणसाच्या रिपोर्टवर 'विषाणू आढळला नाही' असे येईल, मग त्याने गोळ्या घेतल्या असोत वा नसोत. माणूस खूश, घरचे खूश आणि आत सीडी-४ पेशी घटत चाललेल्या. एचआयव्ही-२ साठी वेगळी मोजणी लागते, ती सगळीकडे होत नाही, म्हणून सीडी-४ ची संख्या आणि तब्येत यांवर जास्त लक्ष ठेवावे लागते. रिपोर्टवर 'दोन' आहे हे डॉक्टरांना माहीत असेल तरच हे होईल.

तिसरे कारण बाळे. आईला एचआयव्ही-१ असेल तर बाळाला संरक्षणासाठी नेव्हिरापिनचे सिरप दिले जाते. आईला एचआयव्ही-२ असेल तर त्याचा उपयोग नाही, झिडोव्हुडिन द्यावे लागते. एचआयव्ही-२ आईकडून बाळाकडे जाण्याची शक्यता एचआयव्ही-१ पेक्षा बरीच कमी असते हे खरे, पण शून्य नसते. आणि बाळाचे लवकर निदान करणारी नेहमीची पीसीआर चाचणीही एचआयव्ही-१ चीच असते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'दोन नंबरचा सौम्य असतो, त्याला औषध लागत नाही' असे काही ठिकाणी बोलले जाते. डकारमधल्या स्त्रियांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९४ मध्ये संशोधकांनी दाखवले की एचआयव्ही-२ चा आजार हळू वाढतो. तो समज तिथून पसरला. पण हळू म्हणजे निरुपद्रवी नव्हे. गिनी-बिसाऊमधल्या पोलीस कर्मचाऱ्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासातून २०१९ मध्ये स्पष्ट झाले की, उपचार नसतील तर एचआयव्ही-२ असलेल्या बहुतेकांनाही पुढे एड्स गाठतो, फक्त वेळ जास्त लागतो. म्हणून औषध दोघांनाही लागते. २०१७ पासून भारतात एचआयव्ही आढळलेल्या प्रत्येकाला सीडी-४ कितीही असली तरी उपचार सुरू करण्याचे धोरण आहे.

दोन्ही ठिपके उमटले तर?

रिपोर्टवर 'एचआयव्ही-१ आणि २ रिअॅक्टिव्ह' असे आले की घरात हाहाकार होतो. "एक नाही, दोन-दोन झाले." असा निष्कर्ष लगेच काढायचा नाही. शक्यता तीन असतात. फक्त एचआयव्ही-१ असेल आणि त्याच्या भरपूर अँटिबॉडी शेजारच्या ठिपक्यालाही चिकटल्या असतील. फक्त एचआयव्ही-२ असेल आणि उलटे झाले असेल. किंवा खरोखरच दोन्ही विषाणू असतील.

उलगडा करण्याचे मार्ग आहेत. काही चाचण्यांत नमुना पातळ करून पुन्हा तपासतात. भावकीतल्या नुसत्या ओळखीने चिकटलेली अँटिबॉडी पातळ केल्यावर फिकी पडते, खऱ्या मालकाचा ठिपका टिकून राहतो. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही विषाणूंची खास प्रथिने असलेली वेस्टर्न ब्लॉट पट्टी. आणि अँटिबॉडीने प्रश्न सुटलाच नाही, तर पीसीआरने थेट विषाणूचा जनुकीय मजकूर शोधतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात यासाठी ठरावीक संदर्भ प्रयोगशाळा आहेत. चाचणी केंद्रात 'दोन' किंवा 'दोन्ही' असा निकाल आला की माणसाला एआरटी केंद्राशी जोडतात आणि खात्रीसाठी नमुना अशा प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. त्यासाठी माणसाला पुन्हा रक्त द्यायला बोलावतात. नेमके इथेच लोक गळतात. "एकदा कळलं ना, आता परत कशाला?" म्हणून जात नाहीत. कार्यकर्त्याचे काम इथे आहे.

एका चाचणीवर शिक्का नको

शिबिरे घेणाऱ्यांनी एक हिशेब डोक्यात ठेवावा. समजा १०,००० लोकांनी रक्त दिले आणि त्यातल्या २० जणांना खरोखर एचआयव्ही आहे. चाचणी इतकी चांगली की एकही खरा रुग्ण सुटत नाही आणि निरोगी माणसांतल्या १०० पैकी ९९.५ जणांना ती बरोबर निगेटिव्ह ठरवते. उरलेल्या ९,९८० निरोगी लोकांपैकी अर्धा टक्का, म्हणजे सुमारे ५० जण, चुकून रिअॅक्टिव्ह दिसतील. एकूण रिअॅक्टिव्ह ७०, खरे २०. म्हणजे पहिल्या चाचणीत नाव आलेल्या दर सात जणांपैकी पाच जणांना काहीच नाही.

रक्तपेढीला हे चालते, कारण तिचे काम रक्त सुरक्षित ठेवणे हे आहे. शंका आली की पिशवी नष्ट. पण माणसाचे निदान असे करता येत नाही. म्हणून लक्षणे नसलेल्या माणसाचे निदान पक्के करताना एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला आपण आयसीटीसी म्हणतो तिथे, तीन वेगवेगळ्या चाचण्या करतात. 'वेगवेगळ्या' हा शब्द महत्त्वाचा. तिन्ही किटमधली प्रथिने किंवा तत्त्व वेगळे असावे लागते. एकाच बनावटीचे किट तीनदा वापरले, तर पहिल्याने केलेली चूक पुढचेही करतील. तीन साक्षीदार एकाच घरातले असतील तर ती साक्ष एकच.

आपण काय करायचे

मित्रांनो, आम्हाला सांगायचे आहे ते चार मुद्द्यांत.

एक, शिबिरानंतर रक्तपेढीने कोणाला बोलावले, तर त्याची चर्चा मंडळात होता कामा नये. दात्याने फॉर्मवर संमती दिली असेल तर रक्तपेढी त्याला स्वतः कळवते आणि आयसीटीसीकडे पाठवते. यादी आपल्याकडे मागायची नाही आणि कोणी दिली तर घ्यायची नाही.

दोन, पहिला रिपोर्ट रिअॅक्टिव्ह आलेल्या माणसाला 'तुला एचआयव्ही आहे' असे म्हणू नका. 'पक्की तपासणी बाकी आहे, चला, सोबत येतो' असे म्हणा. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. एचआयव्हीविषयी माहिती आणि समुपदेशनासाठी १०९७ हा टोल फ्री क्रमांक आहे.

तीन, ज्यांचे उपचार चालू आहेत आणि जे तुमच्याशी विश्वासाने बोलतात, त्यांना एवढेच सुचवा की आपल्या कार्डावर 'एक' आहे, 'दोन' आहे की 'दोन्ही', हे एआरटी केंद्रात विचारून घ्या. 'दोन' किंवा 'दोन्ही' असेल तर व्हायरल लोडचा रिपोर्ट कसा वाचायचा, हेही डॉक्टरांना विचारा. गरोदर स्त्रीने तर हे आवर्जून विचारावे. पण या शंकेपायी कोणीही स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

चार, कायदा माहीत असू द्या. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रक्तपेढीतल्या तपासणीसारखे ठरावीक अपवाद सोडले तर माणसाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही. त्याची स्थिती त्याच्या परवानगीवाचून उघड करता येत नाही. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर, यांत एचआयव्हीमुळे भेदभाव करणे बेकायदा आहे. रक्तावरून माणसाला बाटलेला ठरवण्याची रीत आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या सोसली आहे. ती आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसावर, नव्या नावाने परत येऊ देऊ नका.

विषाणू कोणता हे प्रयोगशाळेने ठरवावे, औषध कोणते हे डॉक्टरांनी. रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेला माणूस त्या दोघांपर्यंत पोहोचावा आणि दुसऱ्यांदा रक्त द्यायलाही जावा, एवढे काम मात्र आपले आहे.